निघायची खिडकी

कुणाच्या नव्या घरी गेलं, की लोक भिंतींचा रंग बघतात, फरशी बघतात. मी बघते ते एवढंच, की समोरचं दार अडलं तर इथून निघायचं कसं. सुनेच्या माहेरी पहिल्यांदा गेले, तेव्हा व्याह्यांनी मोठ्या कौतुकानं बंगला दाखवला आणि मी विचारलं, "मागचं दार कुठाय?" सून लाजेनं अर्धी झाली. आता काय करायचं! ही खोड मला केरबा मिस्त्रीनं लावली आणि ती मेल्याशिवाय जायची नाही.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी परभणीहून सेलूला शिवणवर्ग चालवायला आले होते. जागा मिळाली ती मोंढ्याच्या बाजाराजवळ, वसंतशेठच्या दुकानाखालचं तळघर. वर सरकीच्या पोत्यांच्या थप्प्या, पलीकडे जिनिंग, आणि हवेत सदानकदा कापसाची कुसं तरंगत असायची. तळघर उन्हाळ्यात गार, म्हणून बाया खूश होत्या. एकोणीस बाया, सहा मशीन, कापड बेतायचं एक लांब टेबल आणि कोपऱ्यात कोळशाची इस्त्री. वर जायला एकच दगडी जिना आणि जिन्याच्या तोंडाला दुकानात उघडणारं एकच दार. उजेडासाठी छताला लागून दोन झरोके होते, त्यातून मांजरसुद्धा अंग चोरून जाई. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. जागा मिळाली हेच नवल, असं मी समजून चालले होते. खोटं कशाला सांगू?

खालच्या भिंतीला ओल यायची, म्हणून शेठनं गिलाव्यासाठी केरबा मिस्त्रीला बोलावलं. जिन्याच्या तोंडाशी आधी दोन सावळे, चुन्यानं पांढरे पडलेले पाय दिसले. मग वरून आवाज आला, "खाली किती बाया हायत?"

"एकोणीस. आणि मी," मी म्हणाले.

"आन् निघायला?"

"हा काय, जिना आहे की."

"जायला जिना हाय. मी निघायचं इचारलं."

पाय तिथून मागे फिरले. मी वर जाऊन बघते, तर उंच, काटकुळा, डोक्याला विटका निळा रुमाल बांधलेला पन्नाशीचा माणूस दुकानाच्या ओट्यावर बसून आपली थापी फडक्यात गुंडाळत होता. कानावर पेन्सिल. पुढं कळलं, की त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पेन्सिल फक्त रेघ मारायला. शेठ विचारत होता, "काय झालं रे? चुना पाहिजे का?"

"गिलावा जमायचा न्हाई, शेठ. दुसरं सांगा."

"दुसरं काय सांगू? गिलाव्यालाच बोलावलंय तुला!"

"मंग मी सांगतो. आधी परसाकडच्या भिंतीत खिडकी करू, माणूस निघंल अशी. मंग गिलावा."

'जमायचं न्हाई, दुसरं सांगा' हे त्याचं पालुपद. नुसतं 'नाही' म्हणून मोकळा होताना मी त्याला कधी बघितलं नाही. पण त्याचं हे पालुपद नकारापेक्षा जड असे. शेठनं त्याला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी तो परत येऊन ओट्यावर बसला. तिसऱ्या दिवशीही. गिऱ्हाईक आलं की आपण होऊन सांगायचा, "खाली एकोणीस बाया हायत. वर सरकी हाय. बाजूला जिनिंग हाय." एवढंच. तक्रार नाही, शिवी नाही. शेठ अगदी बेजार झाला.

वसंतशेठ वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. भिंत फोडली तर घर बसेल, खिडकीबाहेर खड्डा खणला तर पावसाचं पाणी आत येईल आणि खिडकी केली तर चोर येईल, अशा तीन भीती त्यानं बोटांवर मोजून सांगितल्या. केरबानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेठ, एक करा. बाया घरी गेल्या की खाली जाऊन बसा. मी वरून दार लावतो. माझी एक बिडी होस्तोवर बसायचं. मंग तुमी म्हणताल ते."

"एका बिडीचं काय रे!" म्हणत शेठ उतरला. इस्त्रीतले निखारे अजून फुलते होते. केरबानं कडी घातली, उकिडवा बसला आणि बिडी पेटवली. काय ती बिडी ओढली म्हणून सांगू! एक झुरका, मग रस्त्यावरच्या बैलगाडीची चौकशी, मग दुसरा झुरका, मग आभाळाकडं बघणं. बिडी अर्धीही झाली नसेल तोच खालून दार धडाधडा वाजायला लागलं. कडी काढली तर शेठ घामानं निथळत बाहेर आला.

"दिवा कामून घालवला रे?"

"म्या न्हाई, आईची आण. लाईटच गेलीय."

ते खरं होतं. सेलूत लाईट जायला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. शेठ तांब्याभर पाणी प्याला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "खण. पण भिंतीला काही झालं तर बघ!"

काम सुरू झालं तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं, की हा माणूस तळघरात पाऊलच टाकत नाही. दोन गडी घेऊन तो परसात, बाहेरच्या अंगानं खणत असे. आतलं माप लागलं की जमिनीवर पालथा पडून झरोक्याला तोंड लावायचा. "बाई, फरशीपासून हा झरोका किती वर?"

"टेप टाका की खाली."

"टेप मला वाचता येत न्हाई. तुमच्या वितीनं सांगा."

मी सांगितलं, दहा वीत. त्याला खात्री वाटेना, म्हणून शहनाजला मोजायला लावलं. ती आमच्यातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी, नुकतीच लग्न झालेली, पोटुशी. तिची वीत माझ्याहून लहान. ती म्हणाली अकरा. मग शेठच्या बहिणीला, आक्कांना. त्यांच्या साडेनऊ. बाया हसून लोटपोट. केरबानं एकेकीला परसात बोलावून प्रत्येकीच्या वितीला आपली वीत लावून बघितली आणि कोळशानं भिंतीवर रेघा मारल्या. सगळ्यात बुटक्या बाईची छाती लागेल, तिथं त्यानं खिडकीचा खालचा काठ धरला. "उंच बाई कुठूनबी निघती. मला बुटकीचं बगायचंय."

मी म्हणाले, "अहो, एकदा खाली येऊन बघितलंत तर एका मिनिटाचं काम आहे."

"ते जमायचं न्हाई, बाई. दुसरं सांगा."

त्या दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना मी सरळ विचारलं, की तुम्ही खाली का येत नाही. त्यानं कांदा फोडला. मग बोलला ते माझ्याकडं न बघता.

"पेव म्हाईत हाय ना? जमिनीत खणलेली ज्वारीची कोठार. आमच्या पालमाकडं घरोघर असायची. वर एकच तोंड, माणूस उतरंल येवढं. उघडल्यावर दोन दीस हवा खेळू द्यायची असती. मालकाला घाई होती. आमचा दादा उतरला. मी वर दोरी धरून. खालून 'केरबा' म्हणला. एकदाच. म्या दोरी वढली. त्यानं ती कमरेला बांधलेली न्हवती, हातात धरलेली. नुस्ती दोरी वर आली, बाई. हलकी."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"मी उतराया निघालो तर चार जणांनी धरून ठिवलं. उतरला असतास तर तूबी गेला असतास, समदे सांगतेत. खरं असंल. पण मी उतरलो न्हाई, हेबी खरंच हाय ना?"

तेव्हापासून तो आत जायच्या प्रत्येक गोष्टीला निघायची वाट शोधत फिरायचा. लग्नाच्या मांडवात चपलांशेजारी बसायचा. टुरिंग टॉकीजच्या तंबूत कनातीच्या कडेला. "आत जायाला अक्कल लागत न्हाई, भाईर निघायला लागती," असं वर सांगायचा. बिजागऱ्या आणायला आम्ही एकदा एसटीनं परभणीला गेलो. सगळी गाडी रिकामी होती, तरी हा पठ्ठ्या मागच्या त्या एकाच बाकावर जाऊन बसला, त्या खिडकीच्या दांडीवर हात ठेवून. कंडक्टर त्याला ओळखत असावा. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय मिस्त्री, हाय ना जाग्यावर खिडकी?"

"बाई, इथं वर काय लिवलंय हो?" केरबानं मला विचारलं.

मी वाचलं, "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग."

त्यानं ते मला तीनदा वाचायला लावलं. मग मान हलवत म्हणाला, "लय झकास लिवलंय. ज्यानं लिवलं त्याला पोरंबाळं असतील."

केरबाचं काम बघण्यासारखं असे. काळ्या मातीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "ही लय खोडीची. पाणी प्याली की फुगती, ऊन लागलं की भेगाळती. हिच्या जिवावर भिंत सोडली की गेली." म्हणून मुरूम लागेपर्यंत तो खाली गेला. भिंत फोडायच्या आधी त्यानं वरच्या अंगाला एक लांब दगड बसवला, दोन्ही बाजूंना हात-हातभर आत गेलेला, आणि चार दिवस त्याला कुणाला शिवू दिलं नाही. मग त्या दगडाखालचा एकेक चिरा असा काढला, जसा एखादी सुगरण भरल्या डब्यातून तळचा लाडू काढते. बाहेरच्या खड्ड्याला तिन्ही बाजूंनी दगडी पायऱ्या केल्या. "चारठाण्याच्या देवळांपाशी बारव बगितली का? पडलेला माणूस कुठूनबी चढून येतो. आडात पडला तर न्हाई. मला आड न्हाई करायचा," म्हणाला.

पाण्याचा बंदोबस्तही तसाच. खड्ड्याचा काठ जमिनीहून वीतभर उंच, तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू, आणि तिथून भाजलेल्या मातीचे नळ थेट मागच्या ओढ्यापर्यंत. खिडकीचा उंबरा बाहेरच्या बाजूला उतरता. सगळं झाल्यावर त्यानं शेठच्या देखत खड्ड्यात चाळीस घागरी पाणी ओतायला लावलं आणि आत खिडकीच्या काठावर कागदात मिठाचे खडे ठेवायला सांगितले. "आठ दिसांनी बगा. मीठ पाझरलं तर मी थापी ओढ्यात टाकीन." शेठ रोज सकाळी खाली येऊन मीठ चाचपायचा. आठव्या दिवशी त्यानं एक खडा तोंडात टाकला, कुडूम असा आवाज आला आणि शेठचा चेहरा खुलला.

"चला, नारळ आणतो," शेठ म्हणाला.

"आमच्यात नारळ न्हाई, शेठ. आमी बुद्धाचे. माझी रीत येगळी हाय. घरातलं सगळ्यात जड माणूस डोळे मिटून इथून भाईर काढायचं. ते निघालं की काम पुरं."

सगळ्यांनी शेठकडं बघितलं. शेठनं इकडंतिकडं बघितलं. त्याच्याहून जड माणूस त्या गल्लीत नव्हतं. आधी आढेवेढे घेतले, पण बायांसमोर माघार कशी घेणार! डोळे मिटून चाचपडत आला, खिडकीत पोट अडकलं, "मेलो, मेलो" म्हणाला आणि केरबानं वरून मनगट धरून त्याला ओढलं. शेठ परसात उभा राहिला तेव्हा नाकाला जळमट लागलेलं होतं.

"हात धरला असता तर सुटला असता," केरबानं बायांना शिकवलं. "हात घामेजतो. मनगट धरायचं. दोगांनी एकमेकाचं." दोरीची गोष्ट मलाच ठाऊक होती. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

आता आक्कांबद्दल सांगते. आक्का म्हणजे शेठची विधवा थोरली बहीण. कानानं अधू, जिभेनं तिखट. गोधड्या शिवायला वर्गात येऊन बसायच्या, त्या एकोणिसांत त्याही आल्या. केरबाला चहा देण्यासाठी त्यांनी कान तुटलेला एक कप परसाच्या कोनाड्यात वेगळा ठेवला होता. केरबानं पहिल्याच दिवशी तो उचलून बघितला आणि म्हणाला, "चांगला हाय. चुना कालवायला आला." त्यानं खरोखरच त्यात चुना कालवला आणि आपल्या जर्मनच्या गिलासात शहनाजकडून चहा मागून घेतला. आक्का फणफणल्या. बाया पदरात तोंड घालून हसल्या.

मध्ये आठ-दहा दिवस केरबा ज्वारी काढायला गावी गेला. परत आला तो थेट परसात, आणि खिडकी बघून जागच्या जागी थांबला. शेठनं चोराच्या भीतीनं तिला अंगठ्याएवढे जाड गज बसवून टाकले होते. आतल्या बाजूनं आक्कांनी चिंध्यांची गाठोडी रचली होती. रिकामी जागा दिसली की भरायची, हा आपल्या घरांचा जुना रोग आहेच.

केरबाला मी तेव्हा पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. "शेठ! ही खिडकी न्हाई, हा पिंजरा हाय! लाजा वाटू द्या!"

"अरे, चोर आला तर?"

"आला तर सरकी न्हेईल! बाया जळाल्या तर कुठनं आणताल?"

दुकानातली गिऱ्हाइकं उठून परसात आली. शेठ कावराबावरा झाला. पण केरबा नुसता ओरडून थांबणाऱ्यातला नव्हता. त्यानं गाठोडी उचलून इस्त्रीच्या कोपऱ्यात ठेवायला लावली, स्वतः छिन्नी घेऊन ते गज काढले, लोहाराकडं नेऊन त्यांची चौकट करवली, तिला बिजागऱ्या लावल्या आणि आतून बाभळीची एक खुंटी. खुंटी ओढली की गजांचं दार बाहेर उघडायचं. "भाईरून हात लावायला कायबी न्हाई. चोराला वाट न्हाई, बायांना हाय. झालं समाधान?" मग रोज वर्ग सुटताना त्यानं एकेकीला डोळे मिटून खुंटी ओढायला लावली. आक्का म्हणाल्या, "मी म्हातारी. मला कशाला हा पोरखेळ?" त्यांनी ओढली नाही ती नाहीच.

केरबाची आणखी एक इच्छा होती. खिडकीवर आतून एसटीतलं ते वाक्य रंगवायचं. आता आक्का उठूनच उभ्या राहिल्या. "दुकानात माणसं शुभ-लाभ लिहितात. संकट कोण लिहितं, बाई? असलं अभद्र माझ्या घरात नको." शेठलाही ते पटलं. शेवटी शहनाजनं मांजरपाटाच्या तुकड्यावर लाल दोऱ्यानं, साखळी टाक्यात ते शब्द भरले आणि कापड खिळ्याला टांगलं. भिंतीवर लिहिलेलं नाही, म्हणजे घरात लिहिलेलं नाही, अशी आम्ही आक्कांची समजूत घातली. केरबानं परसातून, उघड्या खिडकीतून हात आत घालून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "ह्यो पहिला, टिंबाचा, संकटाचा ना?" त्याला तेवढं एक अक्षर आलं होतं.

आणि मग ती दुपार. केरबा परसात खड्ड्यावरचं पत्र्याचं झाकण बसवत होता. एका हातानं उचलेल इतकं हलकं हवं, म्हणून त्यानं ते दोनदा बदललं होतं. खाली मशिनी चालू होत्या. आक्का कोपऱ्यात गोधडीला इस्त्री करत होत्या. वर एकदम धडधडधड असा आवाज झाला, तळघर हादरलं. जिन्यातून धुळीचा लोट आला. सरकीची एक आख्खी थप्पी जिन्याच्या दारावर कोसळली होती. मी धावत वर गेले, दाराला खांदा लावला. दार तसूभर हललं नाही. पलीकडून शेठच्या किंचाळ्या, हमालांची पळापळ. फटींतून सरकी गळून पायऱ्यांवर पडत होती.

मी खाली वळले. गडबडीत इस्त्री कलंडली होती, आणि निखारे आक्कांच्या चिंध्यांच्या गाठोड्यावर. धूर पसरत होता. बाया जिन्याकडंच धावत होत्या. रोजचा पायरस्ता तोच ना! मी घसा फाडून ओरडले, "खिडकी! खिडकीकडं!"

शहनाजनं खुंटी ओढली. गजांचं दार उघडलं आणि त्यात केरबाचं डोकं आलं.

"रेटारेटी न्हाई! एकेक. पोटुशी आधी. मनगट द्या, मनगट!"

त्याचा आवाज इतका साधा होता, की बाया रांगेत आल्या, खरंच सांगते. शहनाज गेली, मग बुटकी यमुना, मग एकेक. त्या काठावर एकीचाही पाय अडखळला नाही, इतकी ती उंची बरोबर होती. शेवटी मी निघाले. परसात येऊन खोकता खोकता मोजायला लागले. अठरा. पुन्हा मोजलं. अठरा.

"आक्का!" मी ओरडले. "आक्का आत राहिल्या!"

त्यांना माझी हाक ऐकूच गेली नसणार. त्या जिन्याकडं गेल्या असणार. मी परत खिडकीकडं झेपावले, तर केरबानं माझा दंड धरला.

"तुमी हितंच थांबा. तुमी मोजा."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला पेव आठवलं, आणि मी म्हणाले, "मिस्त्री, नका, तुम्हाला नाही जमायचं!"

"जमंल," तो म्हणाला. डोक्याचा निळा रुमाल सोडून परसातल्या हौदात बुडवला, तोंडाला बांधला आणि पाय आधी टाकून आत उतरला.

किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. खिडकीतून नुसता धूर येत होता. मग आतून हाक आली, "बाई! मनगट!" मी आणि शहनाजनं हात आत घातले. आधी आक्कांची बांगडी नसलेली दोन मनगटं हाताला लागली. आम्ही ओढलं. त्या बाहेर आल्या, डोळे मिटलेले, पण धाप चालू. मग मी पुन्हा हात घातला. त्याचं मनगट माझ्या हातात आलं आणि माझं त्याच्या. हाडाचं, चुन्यानं खरखरीत आणि चांगलं जड.

तेवढ्यात हमालांनी पोती ओढून दार मोकळं केलं आणि घागरींनी पाणी ओतून आग विझवली. दोन मशिनी गेल्या, गोधड्या गेल्या. शेठ परसात येऊन बहिणीचे पाय धरून लहान पोरासारखा रडला. आक्कांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. जवळ होता तो केरबाचा जर्मनचा गिलास. शहनाजनं तोच भरून ओठांना लावला. आक्कांनी गिलासाकडं बघितलं, केरबाकडं बघितलं आणि घटाघटा सगळं पाणी प्याल्या.

केरबा लिंबाखाली बसला होता. मी जवळ गेले तर तो ढसाढसा रडत होता, लपवत नव्हता. "निघालं, दादा. निघालं बग माणूस," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मीही त्याच्याशेजारी मातीत बसून रडले.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला. पहिल्यांदा दुकानाच्या दारातून. जिना उतरला, तळघरात मध्यभागी उभा राहिला आणि काळ्या झालेल्या भिंती बघून म्हणाला, "चला, आता गिलाव्याचं बगू." पंधरा दिवसांत त्यानं तो करून दिला. करपलेलं मांजरपाट आक्कांनी फेकलं आणि नव्या कापडावर तेच शब्द स्वतःच्या हातानं भरले. 'संकट' हा शब्द त्यांनी इतरांपेक्षा मोठा काढला होता. परसातला कोनाडा रिकामा झाला, आणि केरबाला चहा घरातल्या कपबशीत येऊ लागला. केरबा एवढंच म्हणाला, "आता चुना कशात कालवू?"

काम संपलं तेव्हा मी त्याला सोडायला स्टँडवर गेले. परभणीची गाडी लागली. बाजाराचा दिवस, आत शिरायला जागा नाही. केरबा नेहमीसारखा मागच्या त्या बाकाकडं घुसला आणि जागा धरली. मी खिडकीखाली उभी होते. एवढ्यात तान्हं पोर घेतलेली एक बाई आत चढली. केरबा उठला, तिला तिथं बसवलं आणि तिला काय सांगत होता ते मला बाहेर ऐकू आलं.

"बाय, ही दांडी बग. अशी वर करायची आन् भाईर ढकलायचं. करून दाव. हां. आधी लेकरू भाईर द्यायचं, मंग आपुन."

त्या बाईनं दांडी वर करून दाखवली. केरबानं मान हलवली आणि गर्दीतून वाट काढत पुढं सरकला.

गाडी हलली. त्यानंतर मला तो कधी दिसला नाही. शेवटचा दिसला तो असा: गाडीच्या ऐन मध्यावर, चहूबाजूंनी माणसांत दाटीवाटीनं उभा, जवळ ना दार, ना खिडकी. डोक्याला तो निळा रुमाल. वरचा दांडा धरून शेजारच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत होता. त्यानं एकदाही मागं वळून खिडकीकडं बघितलं नाही.